तुम्ही विचारलंत म्हणून: पीटीचे सर शिकवतात तरी काय?

"सर, तुम्ही प्राध्यापक, हे कळलं. पण तुम्ही शिकवता काय?"

लग्नकार्यात विचारतात, बँकेत विचारतात, परीक्षेच्या सुपरव्हिजनला शेजारच्या वर्गावर असलेले रसायनशास्त्राचे सरही विचारतात. कॉलेजात माझं पद 'शारीरिक शिक्षण संचालक'. वेतनश्रेणी शिक्षकाची, पण वेळापत्रकात तास नाही, हातात खडू नाही, पेपरांचे गठ्ठे नाहीत. गळ्यात शिट्टी, तीही बहुतेक वेळा खिशातच. तेव्हा प्रश्नामागचा प्रश्न मला ऐकू येतोच: मैदानावर उभं राहायचा एवढा पगार कशासाठी? राग येत नाही. ज्याने मैदानावरचा मास्तर फक्त 15 ऑगस्टच्या संचलनात पाहिलाय, तो आणखी काय विचारणार?

मी उत्तरादाखल ॲमॉस अलॉन्झो स्टॅगची गोष्ट सांगतो. गोष्ट लांब आहे, आणि तिच्यातला नायक सगळीकडे नायकासारखा वागत नाही, हेही आधीच सांगून ठेवतो.

न्यू जर्सीतल्या वेस्ट ऑरेंज गावच्या एका चांभाराचा हा मुलगा, जन्म 1862 चा. आठ भावंडांतला पाचवा. पोटाला चिमटा काढून शिकला आणि येल विद्यापीठात पोचला तो पाद्री व्हायचं ठरवून. तिथे बेसबॉलचा पिचर (चेंडू टाकणारा) म्हणून त्याचं असं नाव झालं की व्यावसायिक संघांची बोलावणी आली. त्याने ती नाकारली. फुटबॉलमध्ये 1889 साली देशातल्या सर्वोत्तम अकरा जणांचा पहिला 'ऑल अमेरिका' संघ निवडला गेला, त्यातही तो होता. (हा फुटबॉल म्हणजे आपला नव्हे. अंडाकृती चेंडू काखेत मारून समोरच्यांच्या भिंतीला धडका देत पुढे सरकायचं, तो.) मात्र धर्मशास्त्राचा अभ्यास करताना त्याच्या लक्षात आलं की आपल्याला चारचौघांत बोलता येत नाही. प्रवचन न जमणारा पाद्री काय कामाचा? सेवा करायची तर मैदानावरून करू, असं ठरवून 1890 मध्ये त्याने मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डची वाट धरली. वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेसाठी शारीरिक शिक्षक घडवणारी शाळा तिथे होती आणि ल्यूथर ग्युलिक नावाचा माणूस तो विभाग चालवत होता.

स्प्रिंगफील्डमध्ये स्टॅगने फुटबॉलचा संघ उभा केला. मुलं मोजकी आणि अंगाने बेताची. मधोमध उभं राहून चेंडू मागे द्यायचा आणि पहिला मार खायचा, ती सेंटरची जागा त्याने जेम्स नेस्मिथ नावाच्या एका कॅनेडियनला दिली. मलाच का, असं नेस्मिथने विचारलं, तर उत्तर मिळालं: अत्यंत दुष्ट गोष्टी अत्यंत सभ्यपणे करणं तुला जमतं म्हणून. याच नेस्मिथने डिसेंबर 1891 मध्ये, हिवाळ्यात व्यायामशाळेत कोंडलेल्या अठरा उपद्व्यापी विद्यार्थ्यांसाठी पीचच्या दोन टोपल्या कठड्याला ठोकल्या, 13 नियम लिहून काढले आणि बास्केटबॉल जन्माला घातला. नऊविरुद्ध नऊ, चेंडू सॉकरचा.

11 मार्च 1892 ला या खेळाचा पहिला जाहीर सामना झाला. शिक्षक विरुद्ध विद्यार्थी, प्रेक्षक सुमारे 200. विद्यार्थ्यांनी 5-1 असा सामना मारला. शिक्षकांचा तो एकमेव गुण स्टॅगचा. स्थानिक वर्तमानपत्राने मात्र त्याची फिरकीच घेतली. येलचा निळा पोशाख घालून तो प्रत्येक झटापटीत होता, पण फुटबॉलची सवय नडली, सारखे लोकांना ढकलून फाऊल करत होता, असा एकंदर सूर. मला हे फार आवडतं. फाऊल कशाला म्हणतात हे जगाने शिकण्यात या सभ्य माणसाच्या ढकलाढकलीचाही हातभार आहे!

आता पगाराकडे येतो, कारण प्रश्न तिथूनच सुरू झाला होता.

येलमध्ये स्टॅगला शिकवलेले विल्यम रेनी हार्पर शिकागोत नवं विद्यापीठ काढत होते. पैसा तेलसम्राट रॉकफेलरचा. इमारती अजून व्हायच्या होत्या, पण व्यायाम आणि खेळ या विभागाचा प्रमुख कोण हे हार्परनी आधीच ठरवलं होतं. पुढे स्टॅगने सांगितलेला किस्सा असा: हार्परनी 1,500 डॉलर म्हटलं, स्टॅग विचारात पडून गप्प. हार्पर 2,000 वर गेले, हा गप्पच. मग ते म्हणाले, 2,500 डॉलर आणि सहयोगी प्राध्यापकपद, म्हणजे जन्मभराची नेमणूक. न बोलता येणाऱ्या माणसाने न बोलण्याची एवढी किंमत क्वचितच वसूल केली असेल.

ही साधी गोष्ट नव्हती. त्या काळी कोच म्हणजे हंगामापुरता बोलावलेला माजी खेळाडू. नोव्हेंबर संपला की घरी. तो जिंकला तर पुढच्या वर्षी पत्र जाई, हरला तर कोणी विचारत नसे. शिकागोने 1892 मध्ये मैदानावरच्या माणसाला ग्रीक आणि गणिताच्या अध्यापकांच्या रांगेत बसवलं आणि सांगितलं की तू हरलास तरी खुर्ची तुझीच. या शेवटच्या वाक्यासाठी मी ही सगळी गोष्ट सांगतो.

पहिल्या वर्षी अकरा मुलं जमवायचीही मारामार होती, म्हणून स्टॅग स्वतःच संघातून खेळला. मार्शल फील्ड या व्यापाऱ्याने वापरायला दिलेल्या जागेभोवती त्याने आणि विद्यार्थ्यांनी लाकडी कुंपण ठोकलं. 1894 च्या नाताळात तर हा पोरगेला संघ रेल्वेने थेट कॅलिफोर्नियाला जाऊन स्टॅनफर्डशी खेळून आला. बास्केटबॉलही त्याने सोबत आणलेला होताच. 18 जानेवारी 1896 ला त्याची मुलं आयोवा सिटीला गेली. तिथला शिक्षक हेन्री कॅलनबर्ग, म्हणजे स्प्रिंगफील्डचाच जुना दोस्त, या सामन्याचा पंच. दोघांनी मिळून एक प्रयोग केला: प्रत्येक बाजूला पाचच खेळाडू, बदली नाही. शिकागो 15, आयोवा 12. पाच-पाचचा कॉलेजचा पहिला सामना म्हणून त्याची नोंद आहे. आज आमच्या कोर्टवर पाच मुली उतरतात त्या पाचचं मूळ शोधत गेलं की रस्त्यात हा सामना लागतो. पुढे 1917 ते 1930 या काळात शिकागोत देशभरच्या शाळांची बास्केटबॉल स्पर्धा भरायची, तीही स्टॅगचीच.

इथवर सगळं छान. आता जे सांगतो त्याने विचारणाऱ्याचा चेहरा जरा उतरतो.

खुर्ची पक्की मिळाली म्हणून माणूस साधू होत नाही. हार्परना फुटबॉल हवा होता तो विद्यापीठाचं नाव गाजवायला, आणि स्टॅगने तो गाजवला. तिकिटांचा पैसा त्याच्या विभागाकडे येई आणि त्यावर बराच काळ हात त्याचाच असे. वॉल्टर एकरसॉल हा त्याचा सर्वांत लाडका खेळाडू 1903 पासून चार हंगाम खेळला, देशभर गाजला, पदवी न घेताच बाहेर पडला आणि 'शिकागो ट्रिब्यून'मध्ये खेळांवर लिहू लागला. 30 नोव्हेंबर 1905 ला मिशिगनशी सामना झाला. मिशिगन 56 सामने अपराजित होतं. पंचवीस हजारांहून जास्त लोक जमले. एकरसॉलच्या एका लांब किकवर मिशिगनचा गडी स्वतःच्याच गोलरेषेमागे दाबला गेला, त्याचे दोन गुण मिळाले आणि सामना तेवढ्यावरच संपला, 2-0. शिकागोत दिवाळी. त्याच वर्षी देशभरात या खेळात डझनावर मुलं मैदानावर मेली होती आणि राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टना विद्यापीठांच्या लोकांना बोलावून समज द्यावी लागली होती. त्यानंतर नियम बदलले, चेंडू पुढे फेकायची मुभा 1906 मध्ये मिळाली, गर्दीतली चेंगराचेंगरी थोडी सैल झाली. नियम समितीत स्टॅग होता, बदल करणाऱ्यांत होता. पण विद्यार्थ्याला कॉलेजात आणायचं ते कशासाठी, या प्रश्नावर त्या वर्षांतला स्टॅग मला शिक्षकापेक्षा ठेकेदार वाटतो. आमच्याकडेही राज्यस्तरीय प्रमाणपत्र बघून प्रवेश देतात आणि मग त्या मुलाचा वर्गातला बाक वर्षभर रिकामा असतो, त्याची आठवण येते. असो.

मग मी याच माणसाची गोष्ट का सांगतो? एका हरलेल्या सामन्यासाठी.

28 ऑक्टोबर 1922. प्रिन्स्टनचा संघ पूर्वेकडून शिकागोला आला होता. स्टेडियमला तोवर स्टॅगचंच नाव पडलं होतं. टेलिफोनच्या तारेवरून वर्णन न्यूयॉर्कला जाऊन तिथून रेडिओवर ऐकू येत होतं, तेव्हाच्या मानाने चमत्कारच. शेवटचा पाव भाग सुरू होताना शिकागो 18-7 ने पुढे होतं. प्रिन्स्टनने उलटवून 21-18 केलं. शेवटच्या मिनिटांत शिकागोने मुसंडी मारली आणि चेंडू प्रिन्स्टनच्या गोलरेषेच्या तोंडाशी नेला. प्रिन्स्टनची सगळी मुलं मधोमध दाटलेली. बाकावर बसलेला तरुण सहायक फ्रिट्झ क्रिस्लर कळवळून म्हणाला, बदली खेळाडू आत पाठवा आणि त्याच्याकडून निरोप द्या, धडक नको, चेंडू फेका. स्टॅग नाही म्हणाला. बदली खेळाडूच्या तोंडून सूचना पाठवणं नियम समितीला पसंत नाही, एवढंच त्याचं कारण. त्या काळच्या समजुतीप्रमाणे सामना सुरू झाला की डोकं मुलांनी चालवायचं, कोचने बाकावर बसायचं. मुलांनी धडकच दिली. चेंडू घेऊन धडकणारा फुलबॅक जॉन थॉमस रेषेच्या अलीकडे अडवला गेला. शिकागो हरलं.

समितीला पसंत नाही, म्हणजे सक्त मनाईही नव्हे. कोणी हरकत घेतली असती का, शंका आहे. शिवाय ती समिती म्हणजे काही अंशी तो स्वतःच. हरणारा संघ त्याचा, मैदान त्याच्या नावाचं, हजारो लोक बघतायत, न्यूयॉर्कला ऐकतायत. तरी बदली खेळाडू बाकावरच राहिला. त्याची नोकरी त्या सामन्यावर अवलंबून असती तर हा नियम त्याला त्या क्षणी आठवला असता का? मला नाही वाटत. तीस वर्षांपूर्वी हार्परनी दिलेली खुर्ची त्या दुपारी कामाला आली असं मी मानतो. विभागीय स्पर्धेत शेवटच्या मिनिटात पंचांची पाठ असताना बाजूरेषेवरून काय काय चालतं ते मी पाहिलंय, आणि ते करणारे बहुतेक जण कंत्राटावर नेमलेले, निकाल दाखवल्याशिवाय पुढच्या जूनला नेमणूक न मिळणारे असतात. त्यांना दोष देताना माझी जीभ अडखळते.

क्रिस्लरबद्दल आणखी दोन गोष्टी. 'फ्रिट्झ' हे नाव त्याला स्टॅगनेच दिलं. फ्रिट्झ क्राइस्लर हे तेव्हाचे नामवंत व्हायोलिनवादक. या मुलाची आणि त्यांची कौशल्यात काही तुलना नाही, म्हणून हे नाव! दुसरी गोष्ट म्हणजे पुढे याच क्रिस्लरने मिशिगनचा कोच असताना, बदलीचे नियम सैल झाल्यावर, 1945 मध्ये आक्रमणाला एक तुकडी आणि बचावाला दुसरी अशी पद्धत आणली. खेळाडू आत-बाहेर करण्यात तो सर्वांचा गुरू ठरला. 1922 चा तो बाकावरचा बदली गडी त्याच्या डोक्यातून कधी गेलाच नसावा, असं आपलं माझं मत.

स्टॅग शिव्या देत नसे. दारू, तंबाखू काही नाही. फार संतापला तर मुलाला 'गाढव' म्हणे. चूक मोठी असेल तर 'डबल गाढव'. त्याहून मोठी, 'ट्रिपल गाढव'. आमच्या मुलींना हे सांगितल्यापासून सरावात ट्रिपल गाढवांची संख्या फार वाढली आहे.

विचारणारे आणखी एक विचारतात: या अमेरिकन पाल्हाळाचा आपल्याशी संबंध काय? आहे. स्प्रिंगफील्डच्याच शाळेत शिकलेले हॅरी क्रो बक भारतात आले आणि 1920 मध्ये मद्रासला त्यांनी वायएमसीएचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढलं. आपल्याकडच्या क्रीडाशिक्षकांच्या पहिल्या पिढ्यांतले कितीतरी जण तिथून बाहेर पडले. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकला भारतीय संघाबरोबर बक होते आणि अमेरिकेच्या धावपटूंबरोबर कोच म्हणून स्टॅग होता. 1936 मध्ये बर्लिनला बास्केटबॉल पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आला तेव्हा म्हातारा नेस्मिथ तिथे हजर होता, आणि त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक आपले खेळ दाखवत होतं. अमरावतीला बी.पी.एड. करताना आम्ही बर्लिनच्या त्या पथकाबद्दल ऐकत असू. बर्लिनमध्ये तेव्हा नेस्मिथही फिरत होता, हे मला फार उशिरा कळलं.

परत शिकागो. 1929 मध्ये रॉबर्ट हचिन्स विद्यापीठाचे अध्यक्ष झाले, वय 30. खेळाच्या बाजाराचा त्यांना मनापासून तिटकारा. सत्तरीला प्राध्यापक निवृत्त होतो हा नियम होता आणि ऑगस्ट 1932 मध्ये स्टॅग सत्तर वर्षांचा झाला. चाळीस वर्षांपूर्वी ज्या नियमाने त्याला प्राध्यापकांच्या रांगेत बसवलं त्याच रांगेतून त्याला उठावं लागलं. यात हचिन्सना खलनायक करण्याची पद्धत आहे, मला ती पटत नाही. प्राध्यापक म्हणून हक्क हवा तर प्राध्यापकाची निवृत्तीही आली. मैदानाशी संबंध नसलेलं एक मानाचं पद त्याला देऊ केलं होतं. ते त्याने घेतलं नाही. 41 हंगामांनंतर तो कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनला, कॉलेज ऑफ द पॅसिफिक या लहानशा कॉलेजात गेला. वय सत्तर, नवी नोकरी, नवी पोरं. पत्नी स्टेला प्रेक्षकांत बसून प्रत्येक चाल कागदावर टिपून घ्यायची आणि फाटलेले गणवेश शिवायची.

नोव्हेंबर 1938 मध्ये हे लहानसं कॉलेज शिकागोला खेळायला आलं. स्टॅगच्या नावाच्या मैदानावर स्टॅगच्या मुलांनी शिकागोला 32-0 ने हरवलं. त्याला काय वाटलं असेल याच्या कल्पना तुम्ही करा, मी पुष्कळ करून झाल्या. पुढच्या वर्षी शिकागोची दशा आणखी वाईट: हार्वर्डकडून 61-0, ओहायो स्टेटकडून 61-0 आणि मिशिगनकडून 85-0. मिशिगनचा कोच अर्थात क्रिस्लर. डिसेंबर 1939 मध्ये विद्यापीठाने फुटबॉलच बंद केला. स्टेडियम ओस पडलं. पश्चिमेकडच्या स्टँडखाली स्क्वॉशचं कोर्ट होतं, तिथे 2 डिसेंबर 1942 ला भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अणुविखंडनाची पहिली नियंत्रित शृंखला अभिक्रिया चालू केली. आता त्या जागेवर ग्रंथालय आहे. फुटबॉल 1969 मध्ये परत आला, पण खेळाच्या शिष्यवृत्त्या न देणाऱ्या गटात, दुसऱ्या मैदानावर.

इकडे 1943 मध्ये, वयाच्या 81 व्या वर्षी, कोच मंडळींनी स्टॅगला वर्षाचा सर्वोत्तम कोच निवडलं. 84 व्या वर्षी पॅसिफिकही सुटलं, तर तो पेनसिल्व्हेनियातल्या सस्क्वेहाना विद्यापीठात स्वतःच्या मुलाचा सहायक म्हणून गेला. फुटबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये 1951 साली खेळाडू आणि कोच अशा दोन्ही नात्यांनी त्याची निवड झाली, 1959 मध्ये बास्केटबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'च्या पहिल्याच यादीतही तो आला. फुटबॉलमधला 314 विजयांचा त्याचा विक्रम कोच बेअर ब्रायंट यांनी 1981 मध्ये मोडला. हे आकडे सांगितले की ऐकणारे मान डोलावतात. मला मात्र त्याचं शेवटचं ठिकाण, स्टॉकटन कॉलेज, जास्त आवडतं. नव्वदी ओलांडलेला हा माणूस तिथे फक्त किक मारणाऱ्या मुलांना शिकवत असे. पाऊल कुठे टेकायचं, नजर कुठे ठेवायची, एवढंच. 98 व्या वर्षी, 1960 मध्ये, ते थांबलं. 17 मार्च 1965 ला तो गेला, 102 व्या वर्षी.

तर मी काय शिकवतो? सध्या सेकंड इयरच्या मुलींना डाव्या हाताने ड्रिबल. दोघी अजून उजव्यावरच येतात, आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा पुढच्या महिन्यात आहेत.